मुलाचा आवाज की आत्याचा? एका चित्रपटाच्या निवेदनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका कमी खर्चात झालेल्या मराठी चित्रपटाचे आहे. चित्रपटाचे, माणसांचे आणि गावाचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी या कामात पटकथा सल्लागार म्हणून आलो तो चित्रीकरण संपून पाच महिने झाल्यावर, म्हणजे फार उशिरा. तोवर पहिला रफ कट, म्हणजे कच्चे संकलन, तयार होता आणि एक ट्रायल शोही झालेला होता.

कथा थोडक्यात अशी. रत्नागिरी जिल्ह्यातला एक माणूस मुंबईच्या कापड गिरणीत कामाला असतो आणि लालबागच्या चाळीत गावकऱ्यांबरोबर एका खोलीत राहतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू होतो. संपाच्या काळात तो खोलीतल्या सोबत्याकडून पैसे उसने घेतो आणि १९८३ साली गावी परततो. हे पैसे त्याने बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले असतात. पुढे सोबती आजारी पडतो आणि त्याची बायको पैसे परत मागणारे पत्र गावी पाठवते. घरात वाचता येणारी बहीण एकटीच असते. ती ते पत्र वाचते, लपवते आणि कोणालाही सांगत नाही. सोबती मरतो, बहिणीचे लग्नही मोडते. भावाला तीन वर्षांनी सारा प्रकार कळतो आणि तो कोणाशीही न बोलता त्या विधवेला दरमहा मनीऑर्डर पाठवू लागतो. आजच्या काळात, त्याच्या मृत्यूनंतर, घराची वाटणी करायला आलेल्या मुलाला पेटीत मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा सापडतो. चित्रपट येथून सुरू होतो.

म्हणजे काळ तीन: १९८३, १९९८ आणि आज. घर तेच आहे, अंगण तेच आहे, आणि वडिलांची भूमिका दोन्ही जुन्या काळांत एकाच नटाने केलेली आहे. दिग्दर्शकाने पटकथेत कुठेही निवेदन लिहिले नव्हते. जे सांगायचे ते चित्रातून सांगायचे, हा त्याचा पहिल्यापासूनचा आग्रह होता.

अडचण

पुण्यात झालेल्या पहिल्या ट्रायल शोला चोवीस प्रेक्षक होते आणि कट एकशे सव्वीस मिनिटांचा होता. शो संपल्यावर प्रत्येकाला एक कागद दिला होता आणि त्यावर पहिलाच प्रश्न होता, ‘कथा समजली का?’ निम्म्याहून अधिक लोकांनी ‘काही ठिकाणी नाही’ असे लिहिले. पैसे कोणाला जात होते हे अनेकांना सांगता आले नाही. दोघांनी तर वडिलांचे मुंबईत दुसरे घर होते असा निष्कर्ष काढला. दिग्दर्शकाला तो फार लागला, पण चित्रपट पाहता तो अगदीच निराधार नव्हता.

निर्माते व्यवसायाने चित्रपटातले नव्हते. त्यांचे म्हणणे साधे होते: लोकांना कळत नसेल तर कोणीतरी सांगावे, मुलाच्या आवाजात व्हॉइस-ओव्हर टाकावा. दिग्दर्शकाने याला ठाम विरोध केला आणि ‘ब्लेड रनर’चा दाखला दिला. १९८२ साली आलेल्या त्या चित्रपटाला, प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी खेळांत प्रेक्षक गोंधळले म्हणून, नायकाच्या आवाजातले निवेदन जोडले गेले आणि १९९२ च्या आवृत्तीतून ते काढून टाकले गेले. मी उलट बाजूने ‘शतरंज के खिलाड़ी’ची आठवण करून दिली. सत्यजित राय यांच्या त्या १९७७ च्या चित्रपटात अमिताभ बच्चन यांच्या आवाजातले निवेदन आहे आणि ते कुठेही ठिगळ वाटत नाही, कारण तो आवाज पात्रांपेक्षा जास्त जाणणारा, थोडा मिश्कील, इतिहासाच्या अंतरावरून बोलणारा आहे आणि पहिल्यापासून तसाच योजलेला आहे. दोन्ही दाखले खरे होते, त्यामुळे बैठकीत त्यांचा उपयोग झाला नाही. ज्याला जे हवे होते ते त्याने उचलले.

समोरचे पर्याय

पडद्यावर साल लिहिणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. तो लगेच नाकारला गेला नाही, एका कटमध्ये करूनही पाहिला. परंतु ‘१९८३’ ही अक्षरे काळ सांगतात, नाते सांगत नाहीत, आणि आमचा प्रेक्षक काळापेक्षा नात्यांत अडकला होता. पुनर्चित्रीकरणाचा विचार तासाभरातच संपला, कारण पैसे नव्हते आणि घराच्या मालकाने मधल्या काळात कौले उतरवून पत्रे घातले होते.

घटना सरळ कालक्रमाने लावण्याचा पर्याय मात्र गंभीर होता. संकलक ताईंनी दोन दिवसांत तसा कट उभा केला आणि तो स्वच्छ समजतही होता. त्यात पत्र लपवण्याचा प्रसंग विसाव्या मिनिटाच्या आसपास येत असे. त्यानंतरचा सगळा चित्रपट, मुलाला हे कधी कळणार याची वाट पाहण्यात जाई. अशी वाट पाहायला लावणे हीही निवेदनाची एक रीतच आहे, पण मग चित्रपट आत्याच्या अपराधाचा न राहता मुलाच्या अज्ञानाचा होतो, आणि मुलाची भूमिका तेवढी लिहिलेलीच नव्हती.

उरला निवेदनाचा पर्याय. मुदत जवळ आली होती आणि दिग्दर्शक थकला होता. मीही त्या बैठकीत मुलाच्या निवेदनाला होकार दिला, ही गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे.

पहिला निर्णय आणि त्याचा परिणाम

आम्ही निवेदनाचे एकतीस तुकडे लिहिले, ते सगळे मिळून चौदा मिनिटांचे झाले. मुलाची भूमिका करणाऱ्या नटाला बोलावून एका दिवसात अंधेरीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले. दुसऱ्या ट्रायल शोमध्ये जवळजवळ सर्वांना कथा समजली. मात्र वडील पोस्टाच्या खिडकीपाशी उभे राहून पहिली मनीऑर्डर करतात तो प्रसंग, जो पहिल्या शोमध्ये गोंधळलेल्या प्रेक्षकांनाही हलवून गेला होता, या वेळी कोरडा गेला. बाहेर पडताना एका वयस्कर बाईंनी संकलक ताईंना विचारले, “सगळं कळलं हो, पण तो सगळंच सांगत होता, मग बघायचं काय?”

नंतर आम्ही ते एकतीस तुकडे एकेक करून ऐकले तेव्हा तीन दोष स्पष्ट झाले. पहिला सर्वांना माहीत असलेला: चित्रात वडील दार लावून घेतात आणि आवाज सांगतो, “बाबांनी दार लावून घेतलं.” असे अकरा तुकडे निघाले, ते लगेच कापता आले.

दुसरा दोष ध्वनीचा होता. स्टुडिओत माइकजवळ बोललेला तो आवाज कुठल्याच जागेतला वाटत नव्हता. त्याला खोली नव्हती, अंगण नव्हते. दिग्दर्शक म्हणाला, फिल्म्स डिव्हिजनच्या समाचारपटासारखे वाटते, आणि माझ्या पिढीला याहून नेमके वर्णन करता येणार नाही. मराठी प्रेक्षकाला निवेदकाचे वावडे आहे असे मला वाटत नाही. कीर्तनकार एका श्वासात द्रौपदी होतो आणि दुसऱ्या श्वासात बुवा होऊन तिच्यावर भाष्य करतो, तेव्हा हे कोण बोलतेय असे कोणी विचारत नाही, कारण बुवा समोर उभे असतात. आमच्या आवाजाला उभे राहायला जागाच नव्हती.

तिसरा दोष भाषेचा, आणि तो सापडायला सर्वांत जास्त वेळ लागला. मुलाचा जन्म कथेत १९८५ चा आहे. तरीही तो १९८३ च्या घटना सांगताना “बाबा एस.टी.तून उतरले, त्यांच्या हातात एकच पिशवी होती” असे डोळ्यांनी पाहिल्यासारखे बोलत होता. मराठीत ऐकीव गोष्ट सांगताना आपण नकळत ‘म्हणे’ घालतो, ‘उतरले असतील’ म्हणतो, निदान ‘आई सांगायची’ असे तरी म्हणतो. हे शब्द गाळले की बोलणारा तिथे हजर होता असा अर्थ होतो. चित्राला स्वतःचा काळ नसतो. पडद्यावर जे घडते ते आत्ताच घडत असते, आणि तो काळ, तसेच ते पाहिले की ऐकले हा भेद, आवाजातली क्रियापदे पुरवतात. ‘उठायचे’ म्हटले की प्रेक्षक तेच दृश्य रोजचे मानतो, ‘उठले’ म्हटले की त्या एका दिवसाचे. आम्ही क्रियापदे लिहिताना वाक्य कानाला गोड लागते का एवढेच पाहिले होते.

खरी चूक कुठे होती

येथे काम दहा दिवस थांबवले. संकलनाच्या खोलीतल्या भिंतीवर प्रत्येक प्रसंगाची पट्टी लावून तिच्याखाली तीन ओळी लिहिल्या: या क्षणी प्रेक्षकाला काय माहीत आहे, मुलाला काय माहीत आहे, आत्याला काय माहीत आहे. चौथ्या दिवशी संकलक ताईंनी एक साधी गोष्ट दाखवली. चित्रपटात सात फ्लॅशबॅक होते आणि त्यांतले पाच मुलाच्या चेहऱ्याच्या क्लोज-अपवरून सुरू होत होते.

चेहऱ्याचा क्लोज-अप आणि त्यानंतर जुना काळ, हा जोड प्रेक्षकाने आयुष्यभर एकाच अर्थाने वाचलेला असतो: या माणसाला हे आठवते आहे. परंतु १९८३ चे काहीही मुलाला आठवणे शक्य नव्हते. चित्रात दिसणारा लहान मुलगा १९९८ चा आहे हे समजायच्या आधीच प्रेक्षकाने १९८३ च्या प्रसंगांत त्याला शोधायला सुरुवात केली होती, आणि तिथे एक बाई व तिची दोन पोरे दिसल्यावर त्याने साहजिकच ‘दुसरे घर’ उभे केले. चित्रपटाला निवेदक नव्हता म्हणून गोंधळ झाला हे आमचे निदान चुकीचे होते. निवेदक होता, तो म्हणजे कट, एका चित्राला दुसरे चित्र जोडण्याची जागा, आणि तो पाच वेळा चुकीच्या माणसाच्या नावावर गोष्ट सांगत होता. त्याच्यावर आम्ही त्याच चुकीच्या माणसाचा चौदा मिनिटांचा आवाज चढवला होता.

कोणी बोलत नसतानाही चित्रपटाला निवेदक असतो का, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. डेव्हिड बोर्डवेल यांनी १९८५ साली मांडले की निवेदन ही प्रेक्षकाला संकेत पुरवण्याची प्रक्रिया आहे, तिच्यामागे दर वेळी सांगणारी व्यक्ती मानण्याचे कारण नाही. सीमर चॅटमन यांना हे मान्य नव्हते. संकलनाच्या टेबलावर हा वाद सोडवावा लागत नाही. मात्र दोघांच्याही हिशेबाने आमचे संकेत चुकलेलेच होते.

याच दहा दिवसांत आणखी एक लाजिरवाणी गोष्ट उघड झाली. पहिल्या शोच्या कागदांत चिपळूणकडच्या एका प्रेक्षकाने लिहिले होते, “तेव्हा रेल्वे कुठे होती?” आम्ही तो शेरा कोणाचा तरी खोडसाळपणा समजून बाजूला ठेवला होता. तो प्रसंग हेडफोन लावून ऐकला तर १९८३ च्या रात्रीच्या अँबियन्समध्ये, म्हणजे मागच्या वातावरणाच्या आवाजात, दूरवर इंजिनाची शिट्टी होती. ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष गावात झाले होते आणि तिथून आज गाडी जाते. १९८३ मध्ये कोकण रेल्वेचे कामही सुरू झालेले नव्हते, संपूर्ण मार्ग खुला झाला तो १९९८ च्या जानेवारीत. आमच्या १९९८ च्या भागात मात्र ही शिट्टी मुद्दाम घातलेली होती, काळ बदलल्याची खूण म्हणून. तीच खूण आधी येऊन गेल्यामुळे तिचा अर्थ पुसला गेला होता.

दुसरा निर्णय

आता प्रश्न निवेदन हवे की नको असा राहिला नाही. ही गोष्ट कोणाला माहीत आहे, आणि ती सांगायला कोणाला जड जाईल, असे दोन प्रश्न विचारल्यावर दोन्हींचे उत्तर आत्या हेच आले. मूळ पटकथेत ती दुय्यम होती. तिला केंद्रस्थानी आणायला पुरेसे चित्रीकरण आहे का, याची शंका होती.

येथे नशिबाने हात दिला. चित्रीकरणाच्या वेळी एका दुपारी ढग आल्याने प्रकाशाची वाट पाहत सगळे थांबले होते, आणि छायाचित्रकाराने कॅमेरा बंद न करता ओटीवर बसून फणसाच्या आठळ्या सोलणाऱ्या आत्याकडे वळवला होता. सहा मिनिटांचा हा तुकडा ट्रिममध्ये, म्हणजे न वापरलेल्या चित्रीकरणात, पडून होता. तिची मान खाली आहे, शेजारी मुलाची लहान मुलगी बसली आहे, अंगठ्याच्या नखाने ती आठळीचे पांढरे साल काढते आणि सुपात टाकते. मान खाली असल्याने ओठ दिसत नाहीत, म्हणजे त्यावर कोणतेही बोलणे बसवता येत होते. आत्या नातीला गोष्ट सांगते आहे अशी चौकट यातून उभी राहिली. आवाज ओटीवर सुरू होतो आणि मग जुन्या चित्रावर जातो, त्यामुळे तो कुठून येतो हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. मुलाच्या चेहऱ्यावरून सुरू होणाऱ्या पाच फ्लॅशबॅकपैकी चार आत्याच्या हातांवर किंवा चेहऱ्यावर नेले आणि पाचवा नुसत्या ध्वनीवर.

मजकूर नव्याने लिहिला. मुलाच्या निवेदनात होते: “संप फसल्यावर बाबा गावी परत आले. त्यांच्या मनात अपराधीपणाची भावना होती.” आत्याचे झाले: “एक पिशवी घेऊन आला तुझा आजा. संप म्हणे अजून चालूच होता. हा मात्र आला.” गिरण्यांचा तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे जाणणाऱ्याला त्या ‘म्हणे’तला टोमणा कळतो. न जाणणाऱ्यालाही ती तेव्हा मुंबईत नव्हती एवढे निश्चित कळते.

यानंतरचा निर्णय सर्वांत अवघड होता. आत्या पत्राबद्दल खोटे बोलेल, यावर एकमत झाले: “पत्रबित्र काही आलं नाही. आलं असतं तर मला कळलं नसतं? घरात वाचता येणारी मीच.” पण चित्राने त्याच क्षणी काय दाखवायचे? ‘स्टेज फ्राइट’ या १९५० च्या चित्रपटात एका पात्राने सांगितलेली खोटी हकिकत पडद्यावर खऱ्यासारखी दाखवली गेली, त्यावर प्रेक्षकांना फसवल्याची टीका झाली, आणि दिग्दर्शक हिचकॉक यांनी पुढे ती आपली चूक मानली. माणूस खोटे बोलतो हे प्रेक्षक सहज स्वीकारतो, पण डोळ्यांनी पाहिलेले खोटे निघाले की त्याला तो करारभंग वाटतो. म्हणून आम्ही नियम केला: आत्याचा आवाज खोटे बोलू शकतो, चित्र बोलणार नाही. खोट्या वाक्यावर फक्त रिकामे अंगण आणि गडग्यापलीकडून जाणारी पोस्टमनची सायकल ठेवली. सायकल थांबते की नाही हे दिसत नाही. निळे अंतर्देशीय पत्र भाताच्या कणगीत खोचणारा हात तासाभराने येतो, आवाजाशिवाय, आणि तिथून शेवटपर्यंत आत्या एकही शब्द बोलत नाही.

दिग्दर्शकाला पत्राचे चित्र खोट्या वाक्यावरच हवे होते, म्हणजे विरोध तिथल्या तिथे उघड होईल. मला ते ढोबळ वाटले. दोन्ही कट पाहिल्यावर तो स्वतःच मागे आला.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी अभिनेत्रीने खुर्चीत बसायला नकार दिला. सतरंजी अंथरली, बाजारातून आणलेल्या अर्धा किलो वाळलेल्या आठळ्या पुढ्यात ठेवल्या आणि सोलत सोलत ती बोलली. ध्वनिमुद्रकाने सालांच्या आवाजाची तक्रार केली. पण साल निघेपर्यंत वाक्य अडते, नख बसले की शब्द सुटतो, ही लय कागदावर लिहून आली नसती. शेवटी नऊ तुकडे राहिले, एकूण चार मिनिटे दहा सेकंद.

निष्पत्ती

तिसऱ्या ट्रायल शोला एकोणीस नवे प्रेक्षक होते. पैसे कोणाला आणि का जात होते हे सोळा जणांनी बरोबर सांगितले. दोघांना आत्या विसराळू वाटली, खोटे बोलणारी नव्हे. एकाने काहीच लिहिले नाही. पोस्टाच्या खिडकीचा प्रसंग पुन्हा लागू पडला. लांबी एकशे चौदा मिनिटांवर आली.

चित्रपट काही महोत्सवांत गेला आणि चित्रपटगृहांत दोन आठवडे टिकला. तो चालला असे म्हणता येणार नाही. सुरुवातीला पेटीच्या चित्रावर मुलाचे एक वाक्य निर्मात्यांच्या आग्रहाने राहिले आहे. मला ते आजही अनावश्यक वाटते. मुलाची भूमिका करणाऱ्या नटाला आपला चौदा मिनिटांचा आवाज वगळल्याचे कोणी कळवले नाही आणि त्याला ते पडद्यावर पाहूनच समजले. तो दुखावला, आणि त्याचे दुखावणे रास्त होते.

वेगळे काय करता आले असते

पटकथेत प्रत्येक फ्लॅशबॅकपुढे तो कोणाचा आहे हे एका शब्दात लिहिले असते, तर चित्रीकरणातच आत्याचे क्लोज-अप घेतले गेले असते आणि ढगांवर विसंबावे लागले नसते. ट्रायल शोचा पहिला प्रश्नही चुकलेला होता. ‘समजले का’ याचे उत्तर ‘नाही’ आले की निवेदन वाढवण्याखेरीज दुसरे काही सुचत नाही. ‘ही गोष्ट कोण सांगते आहे असे वाटले?’ हे विचारले असते तर निदान पहिल्याच रात्री झाले असते. निवेदनाचा कच्चा मजकूर सहायकाच्या आवाजात टाइमलाइनवर टाकून पाहायला अर्धा दिवस पुरला असता. त्याऐवजी आम्ही थेट नटाला बोलावले, आणि झालेल्या खर्चामुळे तो मजकूर सोडवेना.

विसराळू आत्याचा प्रश्न मात्र आमच्या हाती असूनही सुटला नाही. पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे चित्राचे संकलन कायम झाल्यावर, साउंड मिक्सिंग चालू असताना, संकलक ताईंना त्याच सहा मिनिटांच्या तुकड्याचे शेपूट सापडले. त्यात नात मूठभर आठळ्या उचलून पळते, आणि आत्या मान वर न करता म्हणते, “बत्तीस होत्या. चार ठेव परत.”